हिरडीतला द्रव तपासून जबड्याचं हाड झिजतंय का, हे कळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२. ब्रश करताना अधूनमधून रक्त येतं. एक्स-रेमध्ये खालच्या दोन दाढांभोवतीचं हाड खाली गेलेलं दिसलं. दंतवैद्यांनी सांगितलं की हाड गेलंय हे नक्की, पण झीज आजही चालू आहे की मागेच थांबली, हे या एका एक्स-रेवरून सांगता येणार नाही. मग लाळेतली किंवा हिरडीच्या द्रवातली एन्झाइम्स मोजणाऱ्या चाचण्यांबद्दल वाचनात आलं. अशी चाचणी करून घ्यावी का? आणि साध्या रक्तचाचणीत हे कळत नाही का?

आधी उत्तर देतो. हिरडीच्या खाली आत्ता ऊती तुटतायत का, याचा बऱ्यापैकी अंदाज या चाचण्या देतात. हाड झिजतंय का, हे मात्र त्यांतली एकही चाचणी एकटीच्या जोरावर खात्रीनं सांगू शकत नाही. रक्तचाचणीतून तर ते कळतच नाही, पण एक रक्तचाचणी तुम्ही जरूर करावी. ती वेगळ्या कारणासाठी, तिच्याकडे पुढे येतो. आणि रक्त येतंय, हाड गेलंय, म्हणजे तुमचे उपचार या चाचणीसाठी एक दिवसही थांबता कामा नयेत.

तुमच्या दंतवैद्यांचं उत्तर प्रामाणिक होतं. पूर ओसरल्यावर भिंतीवर पाण्याची रेघ राहते. पाणी कुठवर आलं होतं ते तिच्यावरून दिसतं, आत्ता चढतंय की उतरतंय ते दिसत नाही. एक्स-रेचं तसंच आहे. शिवाय तो उशिरा बोलतो. एखाद्या जागेतली साधारण ३० ते ५० टक्के खनिजं निघून गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर फरक डोळ्यांना जाणवत नाही. आम्ही दंतवैद्य हिरडी आणि दात यांच्या फटीत जी खुणांची बारीक सळी, म्हणजे प्रोब घालून खोली मोजतो, तिच्यातही एक मिलिमीटर इकडेतिकडे होतं. हाताचा दाब, सळीचा कोन, मध्ये आलेलं किटण, सगळ्याचा फरक पडतो. म्हणून दोन भेटींमध्ये दोन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक दिसला, तरच आम्ही तो खरा धरतो. तोवर दाताचा तेवढा आधार गेलेला असतो.

आता रक्त येण्याबद्दल. हा विषय नीट समजून घ्या, कारण हीच सगळ्यात जुनी आणि बिनखर्चाची खूण आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या लांग आणि सहकाऱ्यांनी १९८६ आणि १९९० मध्ये याचा पाठपुरावा केला. ओळीनं चार तपासण्यांमध्ये प्रत्येक वेळी जिथं रक्त आलं, अशा जागांपैकी सुमारे ३० टक्के जागाच पुढे बिघडल्या. उलट, जिथं एकाही तपासणीत रक्त आलं नाही, तिथं पुढे बिघाड न होण्याची खात्री ९८ टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे रक्त न येणं हा मोठा दिलासा आहे, पण रक्त येण्यावरून पुढचं भाकीत करता येत नाही. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तर दिलासाही फसवा, कारण तंबाखूच्या धुरानं हिरडीतून रक्त येणं दबतं आणि खाली हाड जात राहतं.

यात आणखी एक गुंता आहे. हाडाची झीज रोज थोडी थोडी, एकसारख्या वेगानं होत नाही. बोस्टनच्या सॉक्रान्स्की, हॅफजी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलं की झीज झटक्यांनी होते: एखाद्या दाताभोवती काही काळ वेगानं, मग बराच काळ शांत, आणि शेजारचा दात तेव्हा अगदी ठीक. तेव्हापासून आमच्या शाखेतले संशोधक एकाच गोष्टीच्या मागे आहेत: झटका चालू असतानाच तो पकडता आला पाहिजे. जैवरासायनिक मार्करांचा, म्हणजे आजाराची खूण देणाऱ्या रेणूंचा, सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

हे मार्कर येतात कुठून? दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत रक्तातून झिरपलेला थोडासा द्रव सतत पाझरत असतो. निरोगी हिरडीत तो इतका कमी असतो की अर्ध्या मिनिटात एक मायक्रोलिटरसुद्धा मिळत नाही. सूज आली की पाझर कित्येक पटींनी वाढतो. त्या द्रवात जीवाणूंचे पदार्थ असतात, पांढऱ्या पेशींनी सोडलेली एन्झाइम्स असतात आणि तुटलेल्या ऊतींचे तुकडे असतात. खाली जे चाललंय त्याचा माल तिथं वाहून येतो.

तो गोळा करायची पद्धत सांगतो, कारण अहवालावरचा आकडा किती खरा हे बरंचसं इथंच ठरतं. दाताच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या गुंडाळ्या ठेवून लाळ अडवायची. हिरडीच्या वरचा पांढरा थर हलक्या हातानं, हिरडीला धक्का न लावता काढायचा. हवेच्या हलक्या फवाऱ्यानं जागा कोरडी करायची. मग शोषक कागदाची दोन मिलिमीटर रुंद पट्टी किंचित अडथळा लागेपर्यंत फटीत सरकवायची आणि ३० सेकंद तशीच ठेवायची. बाहेर काढल्यावर टोकाकडे बघायचं. गुलाबी झाक असली तर ती पट्टी टाकून द्यायची, कारण रक्तात तीच प्रथिनं असतात आणि आकडा बिघडतो. प्रोबनं खोली आधी मोजली असेल तर रक्त येणारच, म्हणून द्रव नेहमी मोजमापाच्या आधी घ्यायचा. घाईत हा क्रम उलटा झालेला मी पाहिला आहे, आणि त्या अहवालाचा मग काहीच उपयोग होत नाही. आणखी एक बारकावा असा की सूज वाढली की द्रवही वाढतो, त्यामुळे मार्कर पातळ होतो. म्हणून नुसती तीव्रता न देता ३० सेकंदांत मिळालेली एकूण मात्रा दिलेली असेल, तर त्या आकड्यावर मी जास्त विश्वास ठेवतो.

आजवर या द्रवात शेकडो रेणू मोजून झाले. त्यांतले बरेच प्रत्यक्ष दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत, आणि ते का पोचले नाहीत हे समजून घेणं उपयोगाचं आहे. नव्वदच्या दशकात अ‍ॅस्पार्टेट अमिनोट्रान्सफरेज या एन्झाइमची खुर्चीजवळच करायची चाचणी निघाली होती. हे एन्झाइम पेशी मेल्या की बाहेर पडतं. यकृताच्या तपासणीत जे एसजीओटी मोजतात, तेच हे. कल्पना सरळ होती. पण साध्या हिरडीच्या सुजेतही पेशी मरतात, तिथं हाडाला काही झालेलं नसतं. त्यामुळे चाचणी नको तिथंही पॉझिटिव्ह येत राहिली. अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमचंही तेच. १९७० मध्येच इशिकावा आणि सिमासोनी यांनी दाखवलं होतं की हिरडीच्या द्रवात ते रक्तद्रवाच्या सुमारे तिप्पट असतं. पण ते हाड बनवणाऱ्या पेशींतून येतं, पांढऱ्या पेशींतून येतं आणि जीवाणूंतूनही येतं. आकडा वाढला तर नेमका कुणामुळे, हे सांगता येत नाही. इंटरल्यूकिन-१ बीटा आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे सुजेचे दोन रेणू थोडे जवळचे, कारण हाड खाणाऱ्या पेशींना ते चेतवतात. संशोधक ऑफेनबाखर यांनी ऐंशीच्या दशकात प्रोस्टाग्लँडिनची पातळी आणि पुढे जाणारा आधार यांचा संबंध दाखवला होता. मूळ कामासाठी मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, पण रोजच्या दवाखान्यात मोजायला हे रेणू अवघड आणि नाजूक आहेत.

सध्या प्रत्यक्ष वापरात असलेला मार्कर एकच म्हणावा लागेल, तो म्हणजे एमएमपी-८. हे एन्झाइम मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आपल्या कणांत साठवून ठेवतात. जीवाणूंचा थर हिरडीखाली गेला की न्यूट्रोफिल तिथं गर्दी करतात आणि ते सोडतात. सोडताना ते सुप्त असतं. जीवाणूंची प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स, आणि न्यूट्रोफिलांनी तयार केलेले ऑक्सिजनचे आक्रमक रेणू त्याला जागं करतात. जागं झालं की ते टाइप-१ कोलाजेनची, म्हणजे ऊतींना बळकटी देणाऱ्या प्रथिनाची, दोरी ठरावीक ठिकाणी कापतं: एक तुकडा तीन चतुर्थांश, दुसरा एक चतुर्थांश. हिरडी, दाताला हाडात धरून ठेवणारं लिगामेंट आणि हाडाचा सेंद्रिय सांगाडा, तिन्ही मुख्यतः याच कोलाजेनचे आहेत.

म्हणूनच मी नेहमी विचारतो की चाचणी एकूण एमएमपी-८ मोजते की फक्त जागं झालेलं, सक्रिय रूप. सुप्त एन्झाइम कितीही असलं तरी ते कापाकापी करत नाही. हेलसिंकीच्या टिमो सोर्सा यांच्या गटानं अनेक वर्षं या सक्रिय रूपावर काम केलं, आणि त्यातून गर्भचाचणीच्या पट्टीसारखी, प्रतिपिंडांवर चालणारी चाचणी उभी राहिली. आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची, थोडं थांबायचं, मग दिलेला द्रव अर्धा मिनिट तोंडात खुळखुळवून तो पट्टीवर टाकायचा. काही मिनिटांत रेघ येते. मर्यादा प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅमची ठेवलेली आहे. इम्प्लांटभोवतीच्या (हाडात स्क्रूसारख्या बसवलेल्या कृत्रिम दाताभोवतीच्या) द्रवासाठीही तशीच चाचणी आहे.

तिची बलस्थानं आणि उणिवा दोन्ही मला दिसतात. चुळीच्या पाण्यात सगळ्या तोंडाचा माल एकत्र येतो. तुमच्या दोन दाढा बिघडल्या असतील आणि बाकीचे दात उत्तम असतील, तर त्यांचं एन्झाइम त्या पाण्यात विरून रेघ येणारही नाही. उलट, भरपूर सूज पण हाड शाबूत, अशा माणसाची रेघ ठळक येऊ शकते. सिगारेट ओढणाऱ्यांच्या लाळेत एमएमपी-८ कमी आढळतं, म्हणजे ज्यांना धोका जास्त त्यांचीच पातळी कमी दिसू शकते. गरोदरपण, दातांच्या तारा, नुकतीच झालेली सफाई, चालू असलेली प्रतिजैविकं, या सगळ्यांनी आकडा हलतो. डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर विशेष, कारण ते औषध या एन्झाइमलाच थोपवतं. गोलब आणि सहकाऱ्यांनी हा गुण ऐंशीच्या दशकात शोधला, आणि जीवाणूंना मारणार नाही इतक्या कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा या मात्रेतलं डॉक्सिसायक्लिन अमेरिकेत १९९८ मध्ये हिरडीच्या आजारासाठी मंजूर झालं. मार्करच्या अभ्यासातून निघालेलं औषध रुग्णांपर्यंत पोचलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे हाडाकडे. हाड खाणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या तयार होण्यासाठी पूर्वपेशींवरच्या रँक या ग्राहकाला (रिसेप्टरला) रँक-एल हे प्रथिन येऊन चिकटावं लागतं. शरीर त्याचवेळी ऑस्टिओप्रोटेगेरिन नावाचं दुसरं प्रथिन सोडतं. ते रँक-एलला वाटेतच पकडतं आणि ऑस्टिओक्लास्ट बनू देत नाही. हाड टिकणार की जाणार, हे या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. हिरडीच्या सुजेत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी भरपूर रँक-एल बनवतात आणि पारडं झिजेकडे झुकतं. आजारी माणसांच्या हिरडीच्या द्रवात हे गुणोत्तर निरोगी माणसांपेक्षा वाढलेलं असतं, हे वेगवेगळ्या ठिकाणच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

मग हेच का मोजत नाही? कारण गटाची सरासरी वेगळी आणि तुमचा एक आकडा वेगळा. दोन निरोगी माणसांतही या प्रथिनांत मोठी तफावत असते, द्रव अत्यल्प असतो, प्रयोगशाळेचे संच बदलले की आकडे बदलतात. शिवाय काही अभ्यासांत उपचारांनंतर खिसे, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यातल्या खोल झालेल्या फटी, उथळ झाले, रक्त थांबलं, तरी हे गुणोत्तर फारसं उतरलं नाही. खाली हाडाची कुरतड अजून चालू आहे असा त्याचा अर्थ असेल, किंवा मोजमापच तेवढं अचूक नसेल. त्या आकड्यावरून मी तुमच्यावर शस्त्रक्रिया करावी इतका आधार त्यात नाही.

हाडाचा दुसरा मार्कर म्हणजे आयसीटीपी. कोलाजेनचे धागे एकमेकांना आडव्या दुव्यांनी जोडलेले असतात, आणि ते तुटताना दुव्यासकट जो तुकडा सुटतो तो हा. हाडाच्या अगदी जवळचा म्हणून मला तो फार आश्वासक वाटतो, आणि खिसे खोल असलेल्या जागी तो वाढलेला आढळतोही. पण रसायनशास्त्र आडवं येतं. हा तुकडा एमएमपी कुळातली एन्झाइम्स सोडतात, तर ऑस्टिओक्लास्टचं मुख्य हत्यार असलेलं कॅथेप्सिन-के त्याला आणखी बारीक चिरतं, आणि मग चाचणीला तो सापडत नाही. कॅथेप्सिन-केनं झालेल्या झिजेतून सीटीएक्स हा वेगळा तुकडा निघतो. म्हणजे हाड कोणत्या वाटेनं तुटतंय त्यावर कोणता मार्कर दिसेल ते ठरतं. हाडातल्या ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनाचे निष्कर्ष तर एकमेकांशी जुळतच नाहीत.

रक्तचाचणीचं उत्तर यातच आहे. सीटीएक्स रक्तात मोजता येतं, पण ते संपूर्ण सांगाड्यातून येतं. दोन दाढांभोवतीचं हाड त्यापुढे नगण्य. तुमच्या दाढांजवळ कितीही झीज चालू असो, रक्तातला आकडा हलणार नाही.

याला जोडून एक महत्त्वाची गोष्ट. हाडं ठिसूळ होण्यावर बिस्फॉस्फोनेट गटाची औषधं घेणाऱ्यांना दात काढण्याआधी कधीकधी सीटीएक्स करायला सांगतात. २००३ मध्ये तोंड-जबड्याचे शल्यविशारद मार्क्स यांनी या औषधांमुळे जबड्याचं हाड उघडं पडून मृत होण्याच्या केसेस मांडल्या, आणि २००७ मध्ये प्रति मिलिलिटर १५० पिकोग्रॅमची मर्यादा सुचवली. पुढच्या अभ्यासांत त्या मर्यादेनं धोका नीट ओळखता आला नाही, आणि तोंड-जबड्याच्या शल्यविशारदांच्या अमेरिकन संघटनेनं त्यावर निर्णय घेण्याची शिफारस केलेली नाही. असं औषध चालू असेल तर दंतवैद्यांना सांगा, आणि ते स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका.

करायची रक्तचाचणी म्हणजे एचबीए१सी, रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी दाखवणारी. अनियंत्रित मधुमेहात दातांभोवतीचं हाड वेगानं जातं, आणि उलट दिशेनंही संबंध आहे: हिरडीखालची सफाई नीट केली की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतं. हिरडीच्या आजारांच्या २०१८ मध्ये जाहीर झालेल्या वर्गीकरणात आजाराचा वेग ठरवताना ७ टक्के ही एचबीए१सीची सीमा आणि दिवसाला १० सिगारेटी ही धूम्रपानाची सीमा धरली आहे. लाळ, हिरडीचा द्रव आणि रक्त यांतल्या मार्करांसाठीही त्या तक्त्यात जागा ठेवली आहे, पुढे पुरेसा पुरावा आला तर भरायला.

आता तुम्ही काय करायचं. आधी सगळ्या दातांची, प्रत्येकी सहा ठिकाणी खोली मोजून घ्या आणि तो तक्ता स्वतःजवळ ठेवा. मग हिरडीखालची सफाई, म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लॅनिंग. त्यानंतर ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा मोजणी. चाचणीचा खरा उपयोग मला इथं दिसतो. समजा एका दाढेजवळ अजून ५ मिलिमीटरचा खिसा उरला आहे, रक्त कधी येतं, कधी येत नाही. अशा वेळी त्याच जागेच्या द्रवातलं सक्रिय एमएमपी-८ पाहिलं, ते कमी आलं आणि पुढच्या भेटीतही कमीच राहिलं, तर मी शस्त्रक्रियेची घाई करणार नाही. दोन्ही वेळा जास्त आलं, तर सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी बोलावेन आणि ती जागा पुन्हा साफ करेन. इम्प्लांट बसवलेल्यांमध्येही ती उपयोगी पडते, कारण तिथं स्क्रूच्या आट्यांमुळे आणि वरच्या कॅपच्या आकारामुळे प्रोब सरळ जात नाही.

चाचणी सुचवणाऱ्याला इतकं मात्र विचारा: कोणता मार्कर, सक्रिय की एकूण, सगळ्या तोंडाचा की एका दाताचा, आणि निकाल उलटा आला तर उपचारांत नेमकं काय बदलेल. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती चाचणी तूर्त नको.

आणि घरात शोधाशोध करून जुने एक्स-रे काढा. पाच-सहा वर्षांपूर्वी रूट कॅनालसाठी त्याच दाढांचा काढलेला एखादा छोटा एक्स-रेही चालेल. २०१८ च्या वर्गीकरणानुसार पाच वर्षांत हाड मुळीच खाली गेलं नसेल तर वेग मंद, दोन मिलिमीटरपेक्षा कमी गेलं असेल तर मध्यम, आणि दोन किंवा जास्त गेलं असेल तर वेगवान. जुना एक्स-रे मिळालाच नाही तर सगळ्यात खराब दाताभोवती मुळाच्या लांबीच्या किती टक्के हाड गेलंय ते वयानं भागायचं. उत्तर ०.२५ च्या खाली असेल तर मंद, १ च्या वर असेल तर वेगवान. तुमच्या दाढेजवळ ३० टक्के हाड गेलं असेल, तर ३० भागिले ४२ म्हणजे साधारण ०.७, मध्यम वेग. हा हिशेब तुमच्या दंतवैद्यांसमोर बसून, एक्स-रे पडद्यावर मोठा करून करा. किती टक्के हाड गेलंय हा आकडा त्यांनीच मोजायचा आहे.